आधी शेड मोजा, मग संगणक उघडा

पोरांनो, वेळू-शिंदेवाडीच्या पट्ट्यात, ससेवाडीला, नाहीतर नीरा ओलांडून शिरवळला तुमच्यातले बरेच जण रोज कामाला जातात. कुणी धांगवडीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलाय, कुणी आयटीआय करून, तर कुणी शाळा सुटल्यावर थेट शेडमध्ये शिरून काम शिकलाय. फायबरच्या कामात ब्रशनं रेझिन मारून रोलर फिरवायचे दिवस मागं पडत चाललेत. कापड साच्यात कोरडं मांडायचं, वरून बॅग लावायची, पंपानं हवा ओढायची आणि रेझिन आत खेचून घ्यायचं, ही वॅक्युम इन्फ्युजनची रीत आता लहान शेडांपर्यंत पोचली आहे. तिच्यामागोमाग सिम्युलेशनही आलं. रेझिन कुठून शिरेल, कुठे अडेल, किती वेळात पोचेल आणि कधी घट्ट होईल, हे आधी संगणकावर बघायचं आणि मगच नळी उघडायची.

हे फार चांगलं झालं. हातलेपात एखादी मॅट वाकडी बसली तर उपटून पुन्हा लावता यायची. इन्फ्युजनमध्ये नळी एकदा उघडली की माघार नाही. जॉब अर्ध्यात अडकला तर कापड, रेझिन, बॅग आणि माणसांची मजुरी, सगळं पाण्यात. जॉब जितका मोठा तितका हा धोका मोठा. पवनचक्कीचं पातं घ्या, किंवा जहाजाच्या तळाशी बसणारा सोनार डोम घ्या. दिघीच्या आर अँड डी ई या संरक्षण प्रयोगशाळेनं आखलेला आणि गोव्याच्या किनेको कंपनीनं घडवलेला देशी कंपोझिट सोनार डोम २०१६ साली नौदलाकडे गेला. अशा कामात 'एकदा करून बघू' म्हणायची सोय नसते. आपल्या शेडमध्येही नसावी.

मी या कामात केस पांढरे केले. माझ्या उस्तादांनी मला जे दिलं आणि संगणक आल्यावर त्यात जी भर पडली, ते तुमच्या पदरात घालतो. सगळ्याचं सार एवढंच की संगणकाला तुमची शेड ठाऊक नसते. तिची उंची, तिची ओल, पहाटेचा गारवा, कापडाची घडी, हे तुम्ही मोजून त्याला सांगायचं. पुस्तकातले आकडे भरले तर पडद्यावर रंगीत चित्र येतं, पण जॉब त्या चित्राप्रमाणे निघत नाही.

पहिला मंत्र: एक नियम नीट समजून घ्या

१८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहरात हेन्री डार्सी या इंजिनिअरनं वाळूच्या थरातून पाणी किती वेगानं झिरपतं याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातून निघालेला नियमच आजच्या प्रत्येक रेझिन-सिम्युलेशनच्या पोटात आहे. दाबातला फरक जास्त, तर रेझिन जोरात. कापडाची पाझरक्षमता जास्त, तर जोरात. रेझिन दाट, तर हळू. बस, एवढंच.

पण यातून एक गोष्ट निघते ती मनावर कोरून ठेवा. रेझिन जसजसं आत जातं तसतसं मागचं भिजलेलं कापडच त्याला अडवू लागतं. म्हणून अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो आणि तिप्पट झालं की नऊपट.

एक नाव घेऊ. भाटघरच्या बॅकवॉटरला चालेल अशी साडेपाच मीटर लांबीची, तळाच्या कण्यापासून वरच्या काठापर्यंत साधारण एक मीटर भरणारी. रेझिनचा दाटपणा २०० सेंटिपॉइज, कापडात निम्मी जागा मोकळी, दाबातला फरक ९०० मिलिबार आणि पाझरक्षमता एका चौरस मीटरचा दहा अब्जावा भाग धरू. कण्यावरून नळी टाकली तर एक मीटर चढून काठाला पोचायला रेझिनला सुमारे दीड तास लागेल. तीच नळी नावेच्या एका टोकाला लावून लांबीच्या दिशेनं भरायला गेलात तर तीसपट वेळ, म्हणजे जवळजवळ दोन दिवस. रेझिन त्याच्या कितीतरी आधी धरलेलं असेल. उलट कणा आणि काठ यांच्या मध्यावर आणखी एक नळी टाकली तर प्रत्येक टप्पा अर्ध्या मीटरचा होतो आणि पंचवीस मिनिटांच्या आत उरकतो.

हा हिशोब वहीच्या अर्ध्या पानावर होतो. तो आधी हातानं करा आणि मगच मेश बनवायला बसा. संगणकाचं उत्तर तुमच्या हिशोबाच्या आसपास आलं नाही, तर कुठंतरी एकक चुकलंय. सेंटिपॉइजच्या जागी पास्कल-सेकंद आणि मिलिमीटरच्या जागी मीटर, हे घोटाळे फार होतात. संगणक त्याबद्दल कधी तक्रार करत नाही.

दुसरा मंत्र: कापडाची पाझरक्षमता आपल्या टेबलावर काढा

सॉफ्टवेअर तुम्हाला पाझरक्षमतेचा आकडा विचारतं आणि सोबत तयार यादीही देतं. ती यादी डोळे झाकून घेऊ नका. जगातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळांनी एकदा ठराविक कापडं वाटून घेऊन आपापल्या पद्धतीनं पाझरक्षमता मोजली, तर आकड्यांत दहापटीपर्यंत तफावत निघाली. नंतर सगळ्यांनी मोजण्याची एकच रीत ठरवली तेव्हा आकडे जवळ आले. मोजण्याची रीतच एवढा फरक पाडत असेल, तर दुसऱ्याच्या कापडाचा आकडा तुमच्या जॉबला कसा लागू पडेल?

रीत सोपी आहे. जाड काच किंवा सपाट, गुळगुळीत टेबल घ्या. जॉबला जे थर लावणार तेच, त्याच क्रमानं, १५ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब पट्टीत कापा. वर पील प्लाय आणि बॅग लावा, रेझिन पसरवणारी जाळी मात्र या वेळी लावू नका. पट्टीच्या लांब कडा टॅकी टेपला घट्ट भिडवा, नाहीतर रेझिन कडेनं पळेल आणि माप खोटं येईल. बॅगवर मार्करनं दर १० सेंटिमीटरला रेघ ओढा. मोबाइल वर टांगून व्हिडिओ चालू करा आणि नळी उघडा.

आता रेझिनची ओली कड कोणत्या रेघेला कधी लागते ते लिहा. वर धरलेल्या कापडाला १० सेंटिमीटरची रेघ मिनिटभराच्या आत, २० ची पावणेचार मिनिटांत, ३० ची सव्वाआठ मिनिटांत आणि ४० ची पंधरा मिनिटांच्या सुमारास लागेल. अंतराचा वर्ग आडव्या अक्षावर आणि वेळ उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडा. ते सरळ रेषेत बसले तर तुमचं माप खरं. रेषा वर वळली तर रेझिन मध्येच दाट व्हायला लागलंय किंवा बॅग कुठंतरी गळतेय. सरळ रेषेच्या उतारावरून पाझरक्षमता काढता येते, आणि तो आकडा तुमच्या शेडचा असतो.

कापडाच्या दोन्ही दिशांना ही पट्टी करा. विणलेल्या रोव्हिंगमध्ये फरक थोडा असतो, पण एकाच दिशेचे धागे असलेल्या कापडात रेझिन धाग्यांच्या दिशेनं बरंच पुढं जातं. आणि एक ध्यानात ठेवा. कापड जास्त दाबलं की वाटा बारीक होतात. धाग्यांचा हिस्सा ५० टक्क्यांवरून ६० वर नेला, तर कोझेनी आणि कार्मन यांच्या नावानं चालणाऱ्या सूत्राप्रमाणे पाझरक्षमता जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून पट्टीवरचा वॅक्युम आणि जॉबवरचा वॅक्युम एकच ठेवा.

तिसरा मंत्र: आपल्या हवेचा दाब ओळखा

इन्फ्युजनमध्ये रेझिनला ढकलतो कोण? पंप नव्हे. पंप फक्त आतली हवा काढतो. ढकलतं ते बाहेरचं वातावरण. समुद्रसपाटीला त्याचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. तिथं तो ९५० मिलिबारच्या आसपास येतो, आणि मावळात वर जावं तसा आणखी उतरतो. तोरण्याच्या माथ्यावर, १४०३ मीटरला, तो ८६० पर्यंत खाली आलेला असतो.

म्हणून पंपाच्या कागदावर ७६० मिलिमीटर लिहिलं असलं तरी आपल्या भागात ७१० च्या वर काटा जाणं शक्य नाही. गेला, तर गेज बिघडलाय. आणि सॉफ्टवेअरमध्ये दाब भरताना तो निरपेक्ष मागितलाय की गेजचा, हे दोनदा वाचा. शिरण्याच्या तोंडाशी १०१३ टाकून मोकळे झालात तर संगणक तुमच्या रेझिनला फुकटचा जोर देतो आणि भरण्याची वेळ कमी दाखवतो.

उंच साच्यात रेझिनचं वजनही धरा. एक मीटर उभ्या रेझिनचा दाब सुमारे १०८ मिलिबार होतो. आपल्या नावेची उभी उंची ७० सेंटिमीटर धरली तर काठाजवळ ७५ मिलिबार त्यातच गेले. नावेत ते चालून जातं. दोन मीटर उंच टाकीच्या भिंतीत ते दोनशेच्या वर जातं, तेव्हा सॉफ्टवेअरमधला गुरुत्वाकर्षणाचा पर्याय चालू करायला विसरू नका.

आणि वॅक्युम जास्तीत जास्त ओढला की काम उत्तम, असंही समजू नका. पॉलिएस्टर आणि व्हिनिलएस्टरमध्ये स्टायरीन असतं. ३० अंशांना आतला दाब १०-१२ मिलिबारच्या खाली गेला की ते उकळायला लागतं आणि जॉबभर बारीक फुगे राहतात. रेझिन तापलं की ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. साधं सिम्युलेशन हे फुगे दाखवत नाही.

चौथा मंत्र: कडेच्या वाटेवर नजर ठेवा

भातखाचराच्या बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं की काय होतं, हे वेल्ह्याच्या पोराला शिकवायला नको. अख्खं खाचर भिजायच्या आधी पाणी त्या एका बिळातून खालच्या खाचरात उतरतं. साच्यात तेच होतं. कोपऱ्यात कापड नीट बसलं नाही, कडेला कापड आणि टेप यांच्यात फट राहिली, फोमच्या दोन तुकड्यांत जोड उघडा राहिला, तर रेझिन कापड सोडून त्या फटीनं पळतं. एक मिलिमीटरची सपाट फट सूत्रानं काढलीत, तर तिची पाझरक्षमता आपल्या कापडाच्या आठशेपट भरते. रेझिन पुढं जाऊन हवा निघण्याच्या तोंडाशी आधी पोचतं, ते तोंड बंद करतं आणि मागे हवेचं बेट अडकून राहतं. तोच कोरडा डाग.

संगणकावरच्या साच्यात कापड कडेला तंतोतंत भिडलेलं असतं, म्हणून तिथं हा दोष दिसत नाही. तो तुम्हीच मुद्दाम घालायचा. आपल्या नावेत मागची सपाट फळी आणि बाजू जिथं मिळतात तो कोपरा सगळ्यात धोक्याचा. तिथं पाच-सात मिलिमीटर रुंदीची पट्टी आखा, तिची पाझरक्षमता शंभरपट करा आणि पुन्हा चालवा. मग एकदा फक्त डावा कोपरा उघडा ठेवून चालवा, एकदा फक्त उजवा. रेझिन शेवटी कुठं पोचतंय ते प्रत्येक वेळी टिपा. ही शेवटची जागा सरकत सरकत जिथपर्यंत जाते, तेवढ्या सगळ्या भागात हवा निघायची सोय पाहिजे.

इतकं झालं की साच्याकडे या. कोपऱ्यात कापड बसवताना बोटाच्या नखानं घडी आतपर्यंत दाबत न्या. नखाखाली कापड पोकळ लागलं तर तिथं बॅग पुल बांधणार, म्हणजे कोपऱ्यात ताणून राहणार आणि खाली वाट मोकळी राहणार. बॅगला त्या जागी जास्तीची घडी सोडा. संगणकानं दाखवलेला धोका बोटानंच मिटवायचा असतो.

पाचवा मंत्र: हवेला शेवटचं दार ठेवा

नवशिके रेझिन कुठून आत घ्यायचं याचा विचार करतात. उस्ताद आधी विचारायचे, "हवा कुठून जाणार?" सिम्युलेशनचा सगळ्यात मोठा उपयोग इथंच आहे. वेळेचा आकडा थोडा चुकला तरी शेवटी कुठली जागा भरणार हे ते बरंच नेमकं सांगतं. हवा ओढायचं तोंड तिथंच लावा.

चौफेर कडेनं रेझिन घेऊन मध्याला हवा ओढली तर काम झपाट्यानं होतं, पण मध्याची जागा थोडी जरी हुकली तर हवेला वाट उरत नाही. कण्यावरून घेऊन काठाकडे ओढलं तर वेळ थोडा जास्त जातो, पण हवा सतत पुढं सरकत बाहेर पडते. पहिल्यांदा करताना दुसरी रीत घ्या.

एकापेक्षा जास्त नळ्या असतील तर पुढची नळी तिच्यावरून ओली कड पार झाल्याशिवाय उघडायची नाही. आधी उघडलीत तर दोन कडांच्या मध्ये हवा कोंडते. घाई झाली, रेझिन धरायला लागल्यासारखं वाटलं, कुणी मागून ओरडलं, तरी हात थांबवायचा. कोणती नळी कधी उघडायची याचा क्रम संगणकावर ठरवून घ्या आणि बॅगवर मार्करनं आकडे घाला, म्हणजे जॉब चालू असताना कुणाला विचारायची वेळ येत नाही.

या विषयात अमेरिकेच्या डेलावेअर विद्यापीठात प्रा. सुरेश अडवाणी यांच्या गटानं 'लिम्स' नावाचं सिम्युलेशन उभं केलं. अडवाणी आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये कड अमुक ठिकाणी पोचली की तमुक नळी उघड, असा हुकूम आधीच लिहून ठेवता येतो. तुमच्याकडचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी ही सोय त्यात आहे का ते शोधा. ती वापरणाऱ्याचा जॉब फसायची शक्यता कमी होते.

सहावा मंत्र: भरणं आणि धरणं, दोन्ही एकाच घड्याळावर चालतात

कॅटॅलिस्ट पडला की घड्याळ सुरू. रेझिन पुढं सरकतं आणि त्याच वेळी दाटही होत जातं. सिम्युलेशनमध्ये दाटपणा एकच ठोक आकडा म्हणून टाकला तर शेवटच्या टप्प्यात संगणक तुम्हाला फसवतो, कारण नेमकं तिथंच रेझिन जड झालेलं असतं. माझा दंडक असा की रेझिन धरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात जॉब भरून झाला पाहिजे. उरलेला निम्मा वेळ अडीअडचणीसाठी.

धरण्याचा वेळ मोजताना एक चूक सर्रास होते. १०० ग्रॅम रेझिन कपात घेतात, काडी फिरवत बसतात, तार तुटून गोळा उचलला की वेळ लिहितात. कपात रेझिन स्वतःच्या उष्णतेनं तापतं आणि लवकर धरतं. साच्यावर पसरलेला पातळ थर ती उष्णता साच्याला देऊन टाकतो आणि उशिरा धरतो. म्हणून कपाची चाचणी घ्याच, पण तेच रेझिन साच्याच्या एका कोपऱ्यात दोन थर मॅटवर पसरून तिथलाही वेळ घ्या. संगणकाला दुसरा आकडा लागतो आणि बादलीवर नजर ठेवायला पहिला.

आपल्याकडे हवामानाची टोकं मोठी आहेत. जानेवारीच्या पहाटे मावळात अंगावर काटा येतो आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याची शेड भाजते. तापमान १०-१५ अंशांनी उतरलं तर बऱ्याच रेझिनचा दाटपणा दुपटीच्या आसपास जातो. दुसरीकडे, दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जुना ठोकताळा आहे. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडलेलं समीकरण त्याच्या मुळाशी आहे. म्हणजे गरम केलं तर रेझिन पातळ होऊन पळतं, पण वेळही कमी उरतो. गार ठेवलं तर वेळ मिळतो, पण ते सरकत नाही. हा तोल डोक्यात साधत नाही. तो संगणकावर साधा. सकाळचं तापमान टाकून एकदा चालवा, दुपारचं टाकून एकदा, आणि मग ठरवा की नळी किती वाजता उघडायची. साच्याचं तापमान टाका, हवेचं नव्हे. कापडात शिरलेलं रेझिन थोड्याच वेळात साच्याचं तापमान घेतं.

जाड जॉबमध्ये उष्णतेचा हिशोब वेगळा करावा लागतो. एक ग्रॅम पॉलिएस्टर धरताना साधारण ३०० ते ४०० ज्यूल उष्णता सुटते. ती सगळी आतच राहिली तर नुसत्या रेझिनचं तापमान १५० अंशांहून जास्त वाढू शकतं. वजनानं दोनतृतीयांश काच असलेल्या जॉबमध्ये ही वाढ १०० अंशांच्या आसपास राहते, कारण काच उष्णता पिते पण सोडत नाही. पातळ भाग ही उष्णता बाहेर टाकतो. जाड भागात ती मध्यावर कोंडते, बाहेरचा थर आधी गार होतो आणि आत तडे पडतात. १० मिलिमीटरच्या वरचा जॉब असेल तर क्युरिंगचं सिम्युलेशन केल्याशिवाय हात घालू नका. मध्याचं तापमान फार चढत असेल तर कॅटॅलिस्ट कमी करा, उष्णता कमी देणारं रेझिन घ्या किंवा दोन टप्प्यांत भरा.

क्युरिंगसाठी सॉफ्टवेअर ज्या आकड्यांची मागणी करतं ते बहुतेक वेळा कमाल आणि सौरूर यांनी १९७३ साली दिलेल्या समीकरणाचे असतात. ते डीएससी नावाच्या चाचणीतून मिळतात. रेझिन कंपनीकडे मागा, लाजू नका. मिळालेले आकडे एकदा तरी पडताळा. पट्टीच्या मध्यावर थर्मोकपलची बारीक तार ठेवा, तापमान दर मिनिटाला लिहा आणि संगणकाच्या वक्रावर मांडून बघा. शिखर किती वाजता येतं आणि किती उंच जातं, हे दोन्ही जुळलं तर पुढं चला.

इथं सुरक्षेची गोष्ट सांगतो, ती कधीही मोडायची नाही. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत. आग लागते, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा आणि मगच कॅटॅलिस्ट टाकायचा. दोन्हींचे डबे वेगळ्या कपाटात आणि दोन्हींची मापं वेगळी ठेवा. बादलीत उरलेलं रेझिन तापायला लागलं की उघड्यावर नेऊन ठेवा, शेडमध्ये कोपऱ्यात ढकलू नका.

सातवा मंत्र: पाऊस आणि लाईट संगणकाला दिसत नाहीत

वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, आणि भोरचा पश्चिम भाग पावसाचं माहेर. जुलैत हवेत एवढी ओल असते की काचेचं कापड बाहेर ठेवलं तर धाग्यांवर पाण्याचा पातळ थर बसतो. तो रेझिनला धाग्याशी नीट चिकटू देत नाही आणि पॉलिएस्टरचं धरणंही बिघडवतो. वॅक्युमखाली तेच पाणी वाफ होऊन फुगे सोडतं. संगणकात याची कुठंच नोंद नसते. म्हणून पावसाळ्यात कापडाचे रोल बंद कपाटात, आत बल्ब लावून ठेवायचे, आदल्या दिवशी कापून तिथंच परत ठेवायचे आणि साच्यात मांडल्यावर लगेच बॅग लावायची. बॅग लावून पंप तासभर आधी चालवला तर उरलेली ओल बरीच निघते.

त्यानंतर गळतीची तपासणी करा. वॅक्युम पूर्ण झाला की पंपाचा कॉक बंद करा आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघा. काटा जागचा हलला तर गळती शोधा. टेपच्या कडेला कान लावला तर बारीक शीळ ऐकू येते. सिम्युलेशनमध्ये बॅग कधीच गळत नाही, म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय त्याच्या वेळेला काही अर्थ नाही.

आणि लाईट. वादळी पावसात ती कधी जाईल याचा नेम नाही. पंप थांबला आणि हवा उलटी शिरली तर जॉब संपला. पंप आणि कॅच पॉट यांच्यामध्ये एका दिशेचा व्हॉल्व्ह घाला आणि त्या व्हॉल्व्हच्या जॉबकडच्या बाजूला मोठी रिकामी टाकी जोडा, म्हणजे जनरेटर चालू होईपर्यंत वॅक्युम टिकतो. जनरेटर नसेल तर मोठा जॉब आभाळ बघून ठरवा.

आठवा मंत्र: एक उत्तर मागू नका, तीन मागा

सिम्युलेशन एकदाच चालवून 'त्रेपन्न मिनिटं' असा आकडा कुणाला सांगू नका. पाझरक्षमता निम्मी करून चालवा, दुप्पट करून चालवा. कडा बंद धरून चालवा, उघड्या धरून चालवा. सकाळ-दुपार दोन्ही तापमानं घ्या. जी मांडणी या सगळ्यांत तग धरते, म्हणजे शेवटची जागा हवेच्या तोंडाजवळच राहते आणि भरायचा वेळ धरण्याच्या वेळेच्या निम्म्यात बसतो, तीच मांडणी साच्यावर उतरवायची. एखादी मांडणी सरासरीनं जलद वाटते, पण एक कोपरा उघडा पडला की कोसळते. तिला हात लावू नका.

पहिला जॉब भरताना बॅगवर दर पाच मिनिटांनी ओल्या कडेची रेघ मार्करनं ओढा आणि बाजूला वेळ लिहा. जॉब निघाला की बार्कोल मीटरनं कडकपणा पाच-सहा ठिकाणी मोजा. रेझिन कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो आला नसेल, तर तिथं क्युरिंग अपुरं राहिलंय. या रेघा आणि हे आकडे संगणकाच्या चित्रावर ठेवून बघा. कुठं जुळलं, कुठं नाही, ते वहीत लिहा. तारीख, तापमान, ओल, रेझिनचा बॅच आणि कापडाचा रोल नंबरही लिहा.

ही वही तुमच्या शेडची खरी दौलत आहे. १९९१ साली पुण्यात सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा असली गणितं करायला मोठ्या संस्थेची दारं ठोठावावी लागायची. आता ती तुमच्या लॅपटॉपवर रात्रीतून होतात. गणित स्वस्त झालं. मापं मात्र अजून हातानंच घ्यावी लागतात, आणि ती घेणारी माणसं फार थोडी आहेत.

तुम्ही त्यातले व्हा. या आठवड्यात तीन कामं करा. वॅक्युम गेज दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून बघा. रोज वापरता त्या कापडाची एक पट्टी भरा आणि रेझिन पातळ थरात धरायला किती वेळ घेतं तो लिहा. हे तीन आकडे हाती आले की सॉफ्टवेअर उघडा आणि तुमचाच एखादा जुना जॉब, ज्यात कोरडा डाग कुठं पडला होता हे तुम्हाला ठाऊक आहे, तो त्यात भरून बघा. संगणकानं तो डाग त्याच जागी दाखवला, तर पुढच्या जॉबला त्याच्यावर भरवसा ठेवा. दाखवला नाही, तर कोणतं माप राहून गेलं ते शोधा. सापडेपर्यंत नळी उघडू नका.